१९६६ची फोर्ड एफ-१०० आणि तिचा एएम रेडिओ : बेसबॉलच्या एका हंगामानंतरचा अनुभव

अमेरिकेतील सेंट लुईसमध्ये राहून १९६६ची फोर्ड एफ-१०० पिकअप बेसबॉलच्या संपूर्ण हंगामभर आणि त्यानंतरच्या पानगळीतही नियमित वापरल्यावर तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण जुन्या गाड्यांबद्दलचे बहुतेक लिखाण रंगकाम, क्रोम आणि किंमत यांपाशीच थांबते. मी ही गाडी प्रदर्शनात उभी करण्यासाठी घेतली नाही. डॅशबोर्डमधला एएम, म्हणजे मध्यम लहरींचा, रेडिओ शाबूत असलेली आणि संध्याकाळी सहज रस्त्यावर काढता येईल अशी गाडी मला हवी होती. त्या रेडिओवर कार्डिनल्स या सेंट लुईसच्या बेसबॉल संघाचे सामने आणि टेनेसीतील नॅशव्हिलहून येणारे कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकी ग्रामीण लोकसंगीतातून आलेली गाणी, ऐकायचे, हाच मुख्य हेतू होता. म्हणून इथे गाडीइतकेच रेडिओविषयीही लिहिले आहे.

माझ्या गाडीत ३०० घन इंचांचे, म्हणजे ४.९ लिटरचे, एका ओळीतील सहा सिलिंडरांचे इंजिन आहे. फोर्डने ते १९६५मध्ये आणले आणि थेट १९९६पर्यंत बनवले, यातच त्याची पुरेशी प्रशस्ती आहे. क्रँकशाफ्टला सात मेन बेअरिंग आहेत आणि कॅमशाफ्ट साखळीऐवजी दातेरी चाकांवर फिरतो, त्यामुळे तुटण्यासारखे त्यात फारसे काही नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आहे. आपल्याकडच्या जुन्या फियाट आणि ॲम्बॅसॅडर ज्यांनी चालवल्या आहेत, त्यांचा हात तीन गिअरच्या या रचनेवर पहिल्याच दिवशी बसतो. ताशी ५५ मैलांपर्यंत गाडी समाधानाने धावते. त्यापुढे इंजिनाची तक्रार नसते, पण स्टिअरिंग सैल वाटू लागते आणि वाऱ्याचा आवाज इतका वाढतो की रेडिओ ऐकण्याचे प्रयोजनच उरत नाही. लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास मिळतात, आणि अधिकाची अपेक्षा कोणी ठेवू नये.

ब्रेकबद्दल मात्र स्पष्टपणे लिहिले पाहिजे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मास्टर सिलिंडर (पायातल्या ब्रेकचा दाब द्रवातून चाकांपर्यंत पोहोचवणारा भाग) एकेरी होता, म्हणजे एका ठिकाणी गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अमेरिकी गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७च्या सुमारास सर्वत्र आला. हा बदल मी सर्वांत आधी करून घेतला आणि अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने तो करून घ्यावा असे माझे ठाम मत आहे. मूळ स्वरूप जपण्याचा आग्रह इथे गैरलागू आहे. पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, आसनाच्या मागे आहे, त्यामुळे टाकीच्या गळ्याचा रबरी नळ आणि झाकणाचे सील उत्तम अवस्थेत असलेच पाहिजेत. आजच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते आणि जुन्या काळातले रबर त्याच्यापुढे टिकत नाही, म्हणून इंधनाचे सर्व नळ नव्या प्रकारच्या रबराचे घातले. हे सगळे झाल्यानंतर उन्हाळ्यातही गाडीने वाटेत थांबवले नाही.

आता रेडिओविषयी. डॅशच्या मध्यभागी एकच स्पीकर, एक काटा आणि दोन खुंट्या, एवढाच त्याचा संसार. सुरुवातीला इंजिन सुरू करताच खरखर इतकी होई की निवेदकाचे शब्द कळत नसत आणि इंजिनाचा वेग वाढला की तिचा सूरही चढे. रोधक गाभ्याच्या स्पार्क प्लगच्या तारा, इग्निशन कॉइलवर एक छोटा कंडेन्सर आणि बॉनेट व बॉडी यांना जोडणारी तांब्याची अर्थिंगची पट्टी, या तीन स्वस्त उपायांनी ती जवळजवळ संपली. शिवाय अशा रेडिओंवर अँटेनाशी मेळ साधणारा एक लहान स्क्रू असतो. १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण केंद्र लावून तो हळूहळू फिरवत आवाज जास्तीत जास्त मोठा करायचा असतो. या दोन मिनिटांच्या कामाने जेवढा फरक पडला, तेवढा दुसऱ्या कशाने पडला नाही.

सेंट लुईसचे केएमओएक्स हे रेडिओ केंद्र ११२० किलोहर्ट्झवर ५०,००० वॉट क्षमतेने प्रसारण करते. या शहराच्या बेसबॉलप्रेमाचा विस्तार समजून घ्यायचा असेल तर हा आकडा लक्षात ठेवावा लागतो. १९५८मध्ये डॉजर्स आणि जायंट्स हे संघ कॅलिफोर्नियाला गेले. त्यापूर्वी नॅशनल लीगचा, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगपैकी एकीचा, पश्चिमेकडचा शेवटचा संघ कार्डिनल्स हाच होता, आणि त्याच्या दक्षिणेला व पश्चिमेला पसरलेल्या प्रचंड प्रदेशात मोठ्या लीगचा दुसरा संघ क्वचितच होता. आर्कन्सॉ, ओक्लाहोमा, टेनेसी, मिसिसिपी इथल्या शेतांवर आणि गावांत माणसे या शहरात कधी न येताही कार्डिनल्सची झाली, ती रेडिओमुळे. जॅक बक १९५४पासून जवळजवळ अर्धशतक या संघाचे निवेदन करत होते. एकाच घरातील तीन पिढ्यांनी एकच आवाज ऐकावा, हे भाग्य फार थोड्या खेळांना लाभते.

बेसबॉल रेडिओला इतका मानवतो, याचे कारण त्या खेळातील मोकळी जागा. चेंडू फेकला जातो, मग थोडी शांतता असते, प्रेक्षकांचा गलबला ऐकू येतो आणि निवेदकाला दोन वाक्ये सांगायला उसंत मिळते. लहानपणी बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकत मी क्रिकेट शिकलो. मैदान न पाहता क्षेत्ररचना डोळ्यांसमोर उभी करण्याची ती सवय इथे बेसबॉलसाठी जशीच्या तशी उपयोगी पडली. २०२३पासून पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, वेळेची मर्यादा आली आणि नऊ डावांच्या सामन्याची सरासरी लांबी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांपर्यंत खाली आली. निवेदकाची उसंत त्यामुळे कमी झाली, याची मला मनापासून खंत आहे, तरी गाडी चालवणाऱ्याला हा वेळ अधिक सोयीचा आहे हेही खरे. रूट ६६ या जुन्या महामार्गाने सुमारे ८० मैलांवरच्या क्यूबा गावी जाऊन परत येईपर्यंत सामना साधारण संपतो. हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळत असल्याने अशा संध्याकाळींची उणीव नसते.

सूर्य मावळल्यावर या रेडिओचे खरे सामर्थ्य कळते. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सर्वांत खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. मग काटा ६५०वर नेला की रस्त्याने जवळजवळ ५०० किलोमीटर अंतरावरचे नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम केंद्र ऐकू येते. ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम याच केंद्रावर २८ नोव्हेंबर १९२५ रोजी सुरू झाला आणि आजही तिथून थेट प्रसारित होतो. आवाज मधूनच विरतो आणि पुन्हा भरून येतो. त्याचा त्रास होत नाही, कारण कंट्री गाण्यांतले जे ऐकायचे असते ते, म्हणजे गायकाचे शब्द, फिडल आणि स्टील गिटारची लांबणारी मींड, मधल्या पट्टीतच असते आणि एएम रेडिओ तेवढी पट्टी नेमकी जपतो. हीच गाणी मी घरी उत्तम स्पीकरवर ऐकली आहेत. तिथे ती अधिक स्वच्छ वाटतात, पण अंधाऱ्या रस्त्यावर डॅशमधल्या त्या एका स्पीकरमधून ती अधिक खरी वाटतात, असे मी अनेक रात्रींच्या अनुभवावरून लिहितो.

रेडिओ, बेसबॉल आणि कंट्री संगीत या तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यात एकत्र आल्याचे माझ्या माहितीतले सर्वांत हृद्य उदाहरण म्हणजे कंट्री गायक चार्ली प्राइड. मिसिसिपीतील स्लेज गावात १९३४मध्ये एका कृष्णवर्णीय शेतमजूर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील घरच्या रेडिओवर ऑप्री लावत. मुलाला मात्र बेसबॉलपटू व्हायचे होते, आणि तो नीग्रो लीगमध्ये, म्हणजे वर्णभेदाच्या काळातील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगमध्ये, मेम्फिस रेड सॉक्सकडून पिचर म्हणून खेळलाही. एका संघाने आपल्याला आणि आणखी एका खेळाडूला दुसऱ्या संघाकडे देऊन त्या बदल्यात जुनी बस घेतली, ही हकीकत ते स्वतः सांगत. पुढे माँटानातील धातू वितळवण्याच्या कारखान्यात काम करत ते तिथल्या संघाकडून खेळले आणि सामन्यापूर्वी गायलेही. १९७१मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्यांना वर्षातील सर्वोत्तम कलावंत म्हणून गौरवले, २०००मध्ये कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, आणि २०१०मध्ये टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाच्या मालकांत त्यांचे नाव आले. दोन खेळाडूंची किंमत एका वापरलेल्या बसइतकी ठरवणारा काळ लक्षात ठेवून त्यांचा आवाज ऐकला, की त्यातला संयम मला अधिक जाणवतो.

नव्या गाड्यांत एएम रेडिओचे भवितव्य अनिश्चित आहे. विद्युत मोटारींच्या यंत्रणेमुळे एएमवर खरखर उमटते, म्हणून अनेक कंपन्यांनी तो काढून टाकला. खुद्द फोर्डनेही २०२३मध्ये तसे ठरवले होते, पण काही आठवड्यांतच निर्णय फिरवला. त्यामुळे जुनी पिकअप शोधणाऱ्यांना माझा आग्रह असा, की मूळ रेडिओ काढून डॅश कापलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण तो पत्रा पूर्ववत करणे खर्चिक असते. गाडी पाहायला दिवसा जावे आणि शक्य असल्यास रात्री पुन्हा जावे, इंजिन चालू ठेवून दूरचे केंद्र लागते का ते पाहावे, आणि केबिनचे खालचे कोपरे व पायाखालचा पत्रा चटई उचलून तपासावा. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि या गाड्यांचा गंज तिथूनच सुरू होतो. इंजिनाचे आणि ब्रेकचे सुटे भाग आजही सहज मिळतात, मात्र जुन्या इग्निशनचे पॉइंट आणि कार्ब्युरेटर यांची जाण असलेला मेकॅनिक गाडी घेण्याआधीच शोधून ठेवावा.