डीव्हीआर चोराने उचलून नेला तर? दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

घरफोडीच्या बातमीत हल्ली एक ओळ ठरलेलीच असते: ‘जाताना चोरट्यांनी डीव्हीआरही लंपास केला.’ गेल्या पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या रो-हाउस कॉलनीत मागच्या गल्लीत तेच झालं. चारही कॅमेरे भिंतीवर जागच्या जागी आणि रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखालच्या कप्प्यातून गायब. त्यानंतर आम्ही आमची सगळी जोडणी नव्याने करून घेतली. दसऱ्यापासून ती चालू आहे. कॅमेरा कुठला घ्यावा यावर इथे काही नाही, रेकॉर्डिंग चोराच्या हाती लागू नये यासाठी काय केलं तेवढंच लिहिते.

लावणारा माणूस डबा टीव्हीखालीच ठेवतो, कारण एचडीएमआयची वायर आखूड असते. चोरालाही ते पाठ असतं. कपाटात लपवला तरी कॅमेऱ्यांच्या चार वायरी माग काढत तिथेच नेतात. म्हणून एनव्हीआर (नेटवर्कवरून रेकॉर्डिंग करणारा डबा) असा घेतला की ज्याला स्वतःची पीओई पोर्ट, म्हणजे एकाच वायरीतून डेटा आणि वीज देणारी भोकं नाहीत. चारही कॅमेऱ्यांच्या वायरी हॉलमधल्या पीओई स्विचवर संपतात आणि तिथून एकच लॅनची वायर भिंतीतल्या पाइपातून आतल्या खोलीत जाते. स्विचशेजारी जुना, बंद पडलेला डीव्हीआर नुसता त्याचा दिवा चालू राहील असा ठेवलाय. ज्याला न्यायचाय त्याने खुशाल न्यावा.

खरा एनव्हीआर आधी माळ्यावर होता. मार्चमध्ये स्लॅब तापायला लागला तशी हार्ड डिस्क ५५ अंशांच्या वर दिसू लागली. आता तो देवघराखालच्या कपाटात आहे, मागच्या फळीला भोकं पाडून. सासूबाईंची त्यावर नाराजी आहे, ती वेगळी.

पण लपवलेली वस्तू कधीतरी सापडतेच, त्यामुळे दुसरी प्रत घराबाहेर हवी. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत साधारण २ एमबीपीएस घेतो, म्हणजे दिवसाला २१-२२ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी, महिन्याला अडीच टीबीच्या वर. एवढं सगळं बाहेर पाठवायची गरजच नाही. माणूस दिसला की एक फोटो आणि तीस सेकंदांची क्लिप, एवढं पुरतं. ती क्लिप साडेसात एमबीच्या आसपास होते. अपलोड २० एमबीपीएस असेल तर तीन-चार सेकंदांत ती घराबाहेर पडते.

कंपनीचं क्लाउड मी घेतलं नाही. दर कॅमेऱ्यामागे महिन्याचे पैसे, आणि अ‍ॅप बदललं की सगळं त्यांच्या मर्जीवर. माझे दीर पुण्यात असतात. त्यांना म्हटलं, “भाऊजी, तो जुना लॅपटॉप विकू नका, मला द्या.” त्याला १ टीबीची डिस्क लावून तो त्यांच्याच घरी ठेवला. इकडे कॅमेरे फोटो आणि क्लिप एफटीपीने (फाइल पाठवायची एक पद्धत) एका रास्पबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकावर टाकतात आणि तो ते सगळं टेलस्केल नावाच्या सॉफ्टवेअरच्या खासगी वाटेने पुण्याला ढकलतो. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा थेट पत्ता) मिळत नाही, तरी टेलस्केल चालतं, आणि राउटरवर एकही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडावं लागत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने फॅक्टरीचे पासवर्ड वापरून कॅमेरे-डीव्हीआरसारखी लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती. ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘१२३४५’ ठेवून पोर्ट उघडणाऱ्यांनी तेवढं वाचावं.

फाइल दुसरीकडे पाठवायला आरक्लोन हा प्रोग्रॅम वापरणार असाल तर आदेश ‘कॉपी’चा द्या, ‘सिंक’चा नाही. सिंकमध्ये इकडे फाइल उडाली की तिकडचीही उडते, म्हणजे चोराचंच काम सोपं. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर अ‍ॅप आहे, पण फक्त बघण्यापुरतं. डिलीटचा अधिकार कुणालाच दिलेला नाही, नवऱ्यालाही नाही.

दिवाळीत पुतण्या आला होता, त्यालाच चोर केलं. रो-हाउसचा मीटरबॉक्स बाहेर फाटकाशी असतो आणि मेन स्विचही तिथेच. तोंडाला रुमाल बांधून पठ्ठ्याने आधी तोच पाडला, मग गच्चीच्या कठड्यावरून लोंबणारी फायबर ओएनटीपाशी (फायबर जिथे येऊन जोडते तो नेटचा डबा) काढली, आत येऊन डीव्हीआर (बंद पडलेलाच) बगलेत मारला आणि “काकू, झालं!” म्हणून ओरडला. पुण्याच्या लॅपटॉपवर फाटकाजवळचा फोटो तोवर पोचला होता, रुमाल बांधायच्या आधीचा, स्वच्छ चेहऱ्याचा. क्लिप मात्र नव्हती. कारण साधं आहे: क्लिप पूर्ण झाल्याशिवाय निघत नाही, फोटो लगेच निघतो. फायबर गेली की आमचा सिमवाला राउटर नेट हातात घेतो, पण त्याला मिनिटभर लागतं, त्यानंतर मागे राहिलेल्या क्लिप गेल्या. तेव्हापासून फोटो आधी, क्लिप नंतर, असा क्रम लावलाय. एफटीपीने व्हिडिओ पाठवणं सगळ्या कॅमेऱ्यांना जमत नाही, घेण्याआधी दुकानदाराला विचारून घ्या.

वीज गेल्यावरही हे चालतं, कारण स्विच, ओएनटी, राउटर, रास्पबेरी पाय, एनव्हीआर सगळं इन्व्हर्टरवर आहे. मिळून पन्नास-साठ वॅट. १५० एएचच्या बॅटरीवर रात्र सहज निघते, अर्थात पंखे बंद असतील तर. नाशिकहून काही मिनिटं हालहवाल आली नाही तर पुण्याचा लॅपटॉप आम्हाला टेलिग्रामवर कळवतो. महावितरणच्या कृपेने सुरुवातीला हे संदेश फार यायचे, इन्व्हर्टरची जोडणी सुधारल्यावर थांबले.

फाटकाच्या कॅमेऱ्यात १२८ जीबीचं हाय एन्ड्युरन्स (सतत लिहिणं सोसणारं) मेमरी कार्डही घातलंय. सतत रेकॉर्डिंग धरलं तरी पाच-सहा दिवसांचं त्यात राहतं. साधं मोबाइलचं कार्ड घालू नका, सारखं लिहून ते लवकर मरतं.

रोजची डोकेदुखी म्हणाल तर कोळी. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, त्यांच्यामागे कोळी, आणि जाळं वाऱ्याने हललं की पुण्याला क्लिप. नुसतं मोशन ठेवलं तेव्हा दिरांनी फोन केला, “वहिनी, तुमच्या कोळ्याचं संपूर्ण चरित्र माझ्याकडे आहे.” ‘ह्युमन डिटेक्शन’ लावल्यावर बरंच कमी झालं. केरसुणी मात्र आठवड्याला फिरवावीच लागते.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. वीज जाऊन-येऊन एनव्हीआरची वेळ सरकते, म्हणून एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय) चालू ठेवा आणि टाइम झोन +५:३० आहे ना ते पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायचं तर प्रमाणपत्र लागतं. एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅशही लिहायची, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो. म्हणून पुण्याच्या लॅपटॉपवर क्लिप पोचताक्षणी तिची एसएचए-२५६ हॅश वेगळ्या फाइलमध्ये नोंदली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेली क्लिप पुन्हा कॉम्प्रेस होते, तिची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. पोलिसांना पेन ड्राइव्हवर मूळ फाइलच द्या.

लॅपटॉप कायम चार्जिंगला असतो, त्यामुळे बॅटरी फुगायची भीती आहे. चार्जिंगची मर्यादा ६० टक्क्यांवर लावून दिली आहे. मे महिन्यात पुण्याला जाऊ तेव्हा लॅपटॉप उघडून बॅटरी बघणार, आणि दिरांच्या घरचेही दोन कॅमेरे उलट्या बाजूने नाशिकला जोडणार आहोत. त्यांचं म्हणणं, एवढी वीज तुमच्यासाठी फुकट जाळतो, तर आमचीही राखण करा.