आरडीआर 2 : होझियाचा शायर घोडा विकावा की ठेवावा? बऱ्याच महिन्यांच्या खेळानंतर

रेड डेड रिडेम्प्शन 2 या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या प्रकरणात टोळीतला होझिया आपल्या आर्थरच्या (ज्याला आपण खेळवतो) हाती शायर जातीचा एक धिप्पाड घोडा देतो आणि व्हॅलेंटाइन गावच्या तबेल्यात पाठवतो. तिथे ठरवायचं, विकायचा की ठेवायचा. दोन्ही पर्याय भरपूर खेळून झाल्यावर मत एकच : विका.

शायरची तब्येत दणकट, रुबाबही आहे. पण वेग आणि अ‍ॅक्सिलरेशन दोन्हींत तो मागे, आणि हँडलिंग 'हेवी'. झाडीत भरधाव असताना वळवायला जा, तो आधी चार पावलं सरळ जातो आणि मग वळतो. दादर टीटीला डबल डेकर वळवल्यासारखं. तोवर झाड आलेलं असतं, आर्थर जमिनीवर आणि मागे बांधलेली शिकार भलतीकडेच. बरं, मोठा घोडा म्हणून ओझं जास्त नेतो म्हणावं तर तेही नाही. मागच्या पुठ्ठ्यावर एक मोठी शिकार आणि बाजूला लटकवलेली छोटी, हे गणित सगळ्या घोड्यांना सारखंच.

विकून आलेल्या पैशात लगेच दुसरा घोडा घेण्याची घाई नको. पैसे खोगीर आणि रिकिबीत घाला. घोडा बदलला तरी ही दोन्ही नव्या घोड्यावर चढतात, आणि चांगली रिकीब वेग व अ‍ॅक्सिलरेशन थेट वाढवते. बाँडिंगने, म्हणजे घोड्याशी वाढत जाणाऱ्या जवळिकीने, ते होत नाही; ती फक्त हेल्थ आणि स्टॅमिना वाढवते. त्यामुळे 'बाँडिंग वाढली की पळेल' या आशेवर मंद घोडा सांभाळण्यात अर्थ नाही.

मात्र बाँडिंग चौथ्या लेव्हलला पोहोचलेला, बऱ्यापैकी पळणारा घोडा असेल तर तो विकू नका. तिसऱ्या लेव्हलला झटक्यात थांबणं आणि जागच्या जागी वळणं मिळतं, पाठलागात त्याचा खरा उपयोग. घोडा विकला की हे सगळं गेलं, नव्यासोबत पुन्हा पहिल्यापासून : खरारा, चारा, थोपटणं, मैलोन्‌मैल रपेट.

मग बदली कोण? अँबारिनो या बर्फाळ प्रदेशातल्या इझाबेला तलावाकाठचा पांढरा अरबी घोडा. फुकट, आणि दुसऱ्याच प्रकरणात हाती येतो. गरम कपडे घालूनच जा, नाहीतर थंडीने आर्थरचा हेल्थ कोअर (तब्येतीचा साठा) उतरत राहतो. बर्फात पांढरा घोडा पटकन दिसत नाही, दुर्बीण वापरा. दुरूनच आपल्या घोड्यावरून उतरा, सावकाश जवळ जा, बिथरला की थांबून शांत करा. दोर टाकल्यावरही चुचकारत पुढे सरका आणि मगच पाठीवर बसा. तो ज्या बाजूला उसळतो त्याच्या विरुद्ध बाजूला ओढ धरली तर टिकाल. मग त्याच्यावरूनच स्ट्रॉबेरी गावचा किंवा व्हॅलेंटाइनचा तबेला गाठायचा आणि जुन्या घोड्याला शिट्टी मारत मागे आणायचं. तबेल्यात खोगीर बदला. उपनगरातून लोकलने घरी येऊन रात्री जेमतेम तासभर खेळणाऱ्यांनी हे काम रविवारवर ढकलावं, अर्धवट सोडलं तर वाया जातं.

अरबीची खोडही सांगायला हवी : तो भित्रा आहे. लांडग्यासारखं शिकारी जनावर दिसलं की उधळतो, बाँडिंग कमी असेल तर पाडतोही. शिकारीला जाताना त्याला जरा लांब उभा करा.

सेंट डेनिस शहराच्या तबेल्यात चौथ्या प्रकरणापासून हजार डॉलरच्या आसपासचे घोडे दिसतात. अरबी हाती असताना ते घेणं म्हणजे हौस. तबेल्यात जागा मोजक्याच, तिथे उगाच खोगीरभरती नको. पकडलेले रानटी घोडे विकून श्रीमंत होण्याचा विचारही सोडा, हातात चिल्लर येते.

आणि हॉर्स रिव्हायव्हर (कोसळलेल्या घोड्याला उठवणारं औषध) नेहमी जवळ ठेवा. घोडा कोसळल्यावर ते विकत आणायला धावणं म्हणजे वरातीमागून घोडं. घोडा एकदा मेला की कायमचा मेला. तबेल्यातला सौदा करण्याआधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह टाका. ऑटोसेव्हवर विसंबलात तर परतीची वाट नाही.