नदीकाठची मळी (गाळाची शेतजमीन) वाचवायला दगड लावू की बांबू?

चिखलीकडच्या पाव्हण्यांचा प्रश्न, २०१९ आणि २०२१ च्या पुरात त्यांच्या मळीचा काठ ढासळला आणि आता दोन्हीपैकी काय करावं कळंना झालंय.

आधी एक लक्षात घ्या दादा, काठ पूर चढताना कमी आणि उतरताना जास्त ढासळतो, पाणी झटकन खाली जातं पण काळी माती आतनं भिजून जड झालेली असते, आधार गेला की ढेकळासकट नदीत. त्यात माती-वाळूचा उपसा झाला असंल तर काठ आणखी उभा होतो.

खर्चाला तारेच्या जाळीत भरलेले दगड लईच महाग, पण पहिल्याच पावसाळ्यात कामाला येतात. फक्त पायथा खोल पाहिजे, नायतर पाणी खालनं पोखरतं. शिवाय धार पुढं सरकून खालच्या शेजाऱ्याचा काठ खाते, आपला काठ वाचवताना त्याचं असं नुकसान करणं मला अजिबात पटत नाही.

बांबू स्वस्त, पण तीन-चार वर्षं जपावा लागतो, आणि मुळं वरच्या थरातच राहतात म्हणून उभ्या उंच काठावर एकटा टिकत नाही, सोबत वाळा (खस गवत) लावा.

काठ उतरता असंल, हातात वेळ असंल तर बांबू-वाळाच. वळणाच्या बाहेरच्या बाजूला घर किंवा विहीर अगदी कडेला आली असंल तर पायथ्याला दगड, वर वाळा, तेही परवानगी काढून.