८×४२ दुर्बीण, पाच महिने आणि ती उजवीकडची रिंग

ऑक्टोबरात घेतली, साडेअकरा हजारांना, तेव्हापासून जवळपास दर रविवारी पहाटे नाशिकहून नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमीच्या भिंगांची; बाकी स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, मला बोलायचंय ते उजव्या आयपीसवरच्या (डोळ्याला लावायच्या भिंगावरच्या) डायऑप्टर रिंगबद्दल, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणाऱ्या कड्याबद्दल.

ती सैल आहे. लॉक नाही, जॅकेटच्या चेनला घासली तरी फिरते. मी चष्मा काढून बघतो, दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा, त्यामुळे रिंग जराशी सरकली की डावीकडे बदक स्वच्छ अन् उजवीकडे धुरकट, अर्ध्या तासात कपाळ ठणकतं. मग परत डाव्या डोळ्याने बघत मधलं फोकसचं चाक जुळवायचं, उजव्याने बघत रिंग. एकदा मनोऱ्यावर गाईड म्हणाला "सर, कैकर, मासा घेऊन चाललाय", आणि मी रिंगच फिरवत होतो. तो मासे धरणारा शिकारी पक्षी दिसला नाही. अजून वाईट वाटतं.

जानेवारीत, ऐन सीझनमध्ये, सर्व्हिस सेंटरला पाठवली, कुरिअर माझ्याच खर्चाने. बावीस दिवसांनी "प्रॉडक्ट नॉर्मल आहे" अशी चिठ्ठी लावून परत! फोनवर भांडलो तर म्हणे रिंग वॉरंटीत येत नाही. दुर्बिणीचाच भाग आहे ना तो? तेव्हा ठरवलं होतं, कोणालाही घेऊ नका म्हणून सांगायचं.

पण त्या बावीस दिवसांत मित्राची १०×५० वापरली आणि माझं मत बदललं. जड, हात थरथरतो, आणि दिसणारं गोल लहान. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचून जी उथळ दलदल झालीय, जिला २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून मान मिळाला, तिथे बदकं लांबवर पसरलेली असतात, त्यात एक शोधायचं तर ८× चं रुंद दृश्यच लागतं. शिवाय डिसेंबरच्या धुक्यात काचेवर आतून कधी वाफ धरली नाही.

परत आल्यावर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा घेतला, पैसेही घेतले नाहीत त्याने, रिंगेवर ताणून बसवला. तेव्हापासून हललेली नाही. फेब्रुवारीत भिवई बदकाचा नर बघितला, सुरुवातीच्या थंडीत तो मादीसारखाच दिसतो, आता ती पांढरी भुवई डोळ्यावरून मानेपर्यंत उतरलेली, तपकिरी डोक्यावर इतकी रेखीव की मी पाच मिनिटं दुर्बीण खाली घेतली नाही. शेजारी थापट्या बदक चोच पाण्यावर सपाट टेकवून गोल फिरत होतं, चोचीच्या कडेने गळणारं पाणीसुद्धा दिसलं.

घेणार असाल तर दुकानातच रिंग एका बोटाने ढकलून बघा, सहज फिरली तर दुसरा पीस मागा.