टोपपदरी इरकल: घ्यावी का, आणि घेताना काय बघावं

निवेदिता जोशी सराफ यांना आपण पडद्यावर बघत आलो, पण त्यांचा प्रवास तेवढ्यावर थांबत नाही. १९७७ च्या 'अपनापन'मध्ये बालकलाकार, मग मराठीतली आघाडीची नायिका, पुढे 'अनिकेत टेलिफिल्म्स'मधून निर्मिती आणि त्यानंतर 'हंसगामिनी' हा साड्यांचा व्यवसाय. त्यांच्यासारख्या ओळखीच्या चेहऱ्यांनी साडीच्या धंद्यात पाऊल टाकल्यापासून सांगली-मिरजेतल्या बायकासुद्धा फोनवर फोटो बघून साड्या मागवतात, हॉलमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनांना गर्दी करतात. नाव बघून विश्वास बसतो, आणि तो बसावाही. पण साडी हातात आल्यावर ती पारखायचं काम आपलंच.

इथे परीक्षण एकाच साडीचं आहे: सुती-रेशमी, टोपपदरी (म्हणजे वेगळ्या लाल रेशमी धाग्याचा पदर अंगाला जोडून विणलेली), हातमागाची इरकल. सांगली, जत, कवठेमहांकाळ पट्ट्यात ही साडी पिढ्यान्‌पिढ्या नेसली जाते. मूळ गाव बागलकोट जिल्ह्यातलं इलकल. या साडीला भौगोलिक मानांकन आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. रोज नोकरीला जाताना नेसायला आणि सणालाही चालेल अशी एकच हातमागाची साडी घ्यायची असेल, तर हीच घ्या. चंदेरी दिसायला नाजूक, पण तिचं रेशीम पातळ असतं, घडीवर आणि निऱ्यांवर लवकर विरतं. महेश्वरी उत्तम, दोन्ही बाजूंनी वापरता येणारा काठ हे तिचं वैशिष्ट्य. मात्र इरकलीचा घट्टपणा तिला नाही.

इरकलीचं खरं मोल पदरात आहे. अंगाचा उभा धागा वेगळा आणि पदराचा उभा धागा वेगळा, लाल रेशमाचा. विणण्याआधी अंगाच्या आणि पदराच्या एकेका उभ्या धाग्याच्या कड्या एकमेकींत अडकवतात. कानडीत या पद्धतीला 'टोपे तेनी' म्हणतात. हे सगळं प्रत्येक साडीसाठी नव्याने करावं लागतं, कारण ताणा, म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे, एकाच साडीपुरता, म्हणजे सहा, आठ किंवा नऊ वार, घेतला जातो. यंत्रमागावर लांबच्या लांब ताणा चढवून साड्यांमागून साड्या काढता येतात, इथे ते जमत नाही. किंमत वाढते ती इथे.

खरी-खोटी ओळखायची खूणही तिथेच आहे. पदराच्या टोकाला सुटे धागे असतात, त्यातला एक उभा धागा बघा. तो लाल रेशमी असला पाहिजे. नकलेत अंगाचाच धागा सरळ पदरात गेलेला असतो, त्यामुळे पदराचा लाल रंग मळकट, दुरंगी दिसतो. मग अंग आणि पदर जिथे मिळतात ती रेघ उलट्या बाजूने बोटाने चाचपा, बारीक उंचवटा लागतो. विटा आणि इचलकरंजीचे यंत्रमाग आपल्या शेजारीच आहेत आणि तिथलं कापड वाईट असतं असं अजिबात नाही. यंत्रमागाची साडी हातमागाच्या भावात घेऊ नये, एवढंच म्हणणं आहे. काठाजवळची बारीक भोकं दाखवून 'ही बघा हातमागाची खूण' असं सांगतात, त्यावर विसंबू नका. कापड ताणून धरल्याच्या खुणा यंत्रमागावरही उमटू शकतात. २००६ पासून सरकारचं 'हँडलूम मार्क' लेबल आहे, ते मागा.

दुसरी फसगत रेशमाची. स्वस्त इरकलीत आर्ट सिल्क, म्हणजे रेयॉन असतं. धागा जाळून बघितला तर रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेयॉन मात्र सुतासारखंच, कागद जळल्याच्या वासाने जळतं. म्हणून सुती-रेशमी साडीत उभा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळून बघावा, नाहीतर सुताचा वास रेयॉनला झाकून टाकतो.

दोष म्हणाल तर एकच, पण मोठा: पदराचा लाल रंग सुटतो आणि शेजारची पांढरी नक्षी गुलाबी करून टाकतो. घेतानाच पांढरा रुमाल ओला करून पदराच्या आतल्या बाजूने दहा-बारा वेळा घासा. थोडा रंग आला तर काळजी नको, रुमाल लालभडक झाला तर साडी ठेवून द्या. पहिली धुलाई ड्रायक्लीनच करा. नंतर घरी धुवायची तर गार पाणी, रिठा, तीन-चार मिनिटं, आणि साडी न पिळता लगेच सावलीत पसरायची. रंग बहुतेक वेळा बादलीत नाही, ओली साडी घडी करून तशीच ठेवल्यावर लागतो. मिठाच्या पाण्याचा उपाय सगळे सांगतात, पण सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही.

काठाच्या नक्षीत गोमी आणि चिक्की परास हे दोन्ही प्रकार छान. रोजच्या वापराला गोमी बरा.

मोजून घ्या. सहावारी साडी ब्लाउजपीस सोडून साडेपाच मीटर भरलीच पाहिजे. जुन्या पद्धतीच्या इरकलीला ब्लाउजपीस नसतोच, वेगळा खण घ्यावा लागतो. बागलकोट जिल्ह्यातल्याच गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा लहान असतो, तेव्हा किती कापड लागेल ते शिंप्याला विचारूनच खण घ्या.

फोनवरून मागवली असेल तर पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा आणि या सगळ्या तपासण्या फॉल-पिकोआधी उरका, कारण फॉल लागलेली साडी सहसा कोणी परत घेत नाही. फॉलचं सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायला द्या. कोरा फॉल पहिल्याच धुण्यात आटतो आणि काठाला कायमच्या चुण्या पडतात.