पेन्टॅक्स पॅपिलिओ २ (६.५ × २१): फुलपाखरे जवळून पाहण्यासाठीची दुर्बीण

पक्षीनिरीक्षणासाठी घेतलेली उत्तम दुर्बीण गळ्यात असूनही फुलपाखरू समोर आले की ती बहुतेक वेळा कामाला येत नाही. यात दोष भिंगांच्या दर्जाचा नसतो. ८ × ४२ प्रकारच्या (म्हणजे आठ पट मोठे दाखवणाऱ्या आणि पुढची भिंगे ४२ मिलिमीटर व्यासाची असलेल्या) बहुसंख्य दुर्बिणी साधारण दोन-अडीच मीटरच्या अलीकडची वस्तू स्पष्ट दाखवूच शकत नाहीत, आणि लहान फुलपाखरांच्या ज्या खुणांवरून ओळख पटते त्या एवढ्या अंतरावरून दिसत नाहीत. पेन्टॅक्सची पॅपिलिओ २ ही दुर्बीण नेमकी ही उणीव भरून काढते. ती अर्ध्या मीटरवरची वस्तू, म्हणजे जवळजवळ आपल्याच पायाच्या बोटांशी बसलेले फुलपाखरू, स्वच्छ दाखवते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सह्याद्रीच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी आणि माळरानावर फुलपाखरे पाहणाऱ्यासाठी याहून उपयोगी साधन माझ्या वापरात आलेले नाही.

अर्ध्या मीटरवर फोकस होणे ही केवळ भिंग पुढेमागे सरकवण्याची बाब नाही. वस्तू फार जवळ आली की आपले दोन्ही डोळे आतल्या बाजूला वळतात. दुर्बिणीच्या दोन नळ्या मात्र समांतरच राहतात, त्यामुळे प्रत्येक नळी वस्तूचा वेगळा भाग दाखवू लागते आणि दोन प्रतिमा एकमेकींत मिसळत नाहीत. पॅपिलिओमध्ये फोकसचे चाक जवळच्या बाजूला फिरवले की पुढची दोन वस्तुभिंगे एकमेकांकडे सरकतात आणि प्रतिमा एकच राहते. ही हालचाल समोरच्या सपाट काचेतून दिसतेही. परिणामी फुलपाखरू दोन्ही डोळ्यांनी, उठावदार दिसते, आणि हा अनुभव छायाचित्रातून मिळत नाही.

याचा खरा लाभ कळतो तो एकदांडीच्या फुलांवर आणि गवतात वावरणाऱ्या लहान निळ्या फुलपाखरांच्या बाबतीत. पेल ग्रास ब्लू, डार्क ग्रास ब्लू, लेसर ग्रास ब्लू आणि टायनी ग्रास ब्लू ही चार फुलपाखरे उभ्याने पाहणाऱ्याला सारखीच राखाडी-निळी दिसतात, आणि अनेकांच्या वहीत त्यांची नोंद नुसती ‘ग्रास ब्लू’ अशी राहून जाते. त्यांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूवर असते. पुढच्या पंखाच्या मुळाशी शिरांनी वेढलेला जो बंद कप्पा असतो त्यात पेल आणि डार्क या दोघांना एक काळा ठिपका असतो, तर लेसर आणि टायनी यांना तो नसतो. उरलेल्या दोघांपैकी टायनीच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला लागून बारीक ठिपके दिसतात. हे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे असतात. फुलपाखरू पंख मिटून बसलेले असताना जमिनीवर बसून ही दुर्बीण त्याच्यावर रोखली, तर पंखाच्या कडेची झालर, ठिपक्याभोवतीचे फिकट कडे आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) हे सर्व एका नजरेत येते. ग्रास ज्वेल हे आपल्याकडचे सर्वांत लहान फुलपाखरांपैकी एक; त्याच्या मागच्या पंखाच्या कडेवरील काळ्या ठिपक्यांना नारिंगी घेर आणि धातूसारखी चमक असते. ती चमक मी या दुर्बिणीतून पाहिली तेव्हा आनंदाने कितीतरी वेळ तिथून उठावेसे वाटले नाही.

मोठ्या फुलपाखरांतही तिचा उपयोग कमी नाही. प्लेन टायगर रुईवर वाढते, त्याच्या अंगात विषारी द्रव्ये असतात आणि पक्षी त्याला टाळतात; डनाइड एगफ्लाय या फुलपाखराची मादी त्याचीच नक्कल करते. उडताना दोन्ही सारखीच नारिंगी दिसतात. बसल्यावर मात्र प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके दिसतात, आणि एगफ्लायच्या मादीला ते तसे नसतात. घोळीच्या रोपांजवळ जमिनीलगत घुटमळणारे ‘प्लेन टायगर’ दिसले की दुर्बीण अवश्य लावावी, कारण एगफ्लायची मादी अंडी घालण्यासाठी घोळच शोधत असते.

उन्हाळ्याच्या आरंभीची आणखी एक अडचण म्हणजे कोरड्या ऋतूतील रूपे. कॉमन इव्हिनिंग ब्राऊनच्या पावसाळी रूपात पंखांच्या खालच्या बाजूवर डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात. कोरड्या दिवसांतील पिढीत ते पुसट होतात किंवा नाहीसे होतात आणि पंखांना वाळक्या पानाचा रंग येतो. पायाखालच्या पाचोळ्यातून ते उठते, चार पावलांवर बसते आणि दिसेनासे होते. बसल्या जागेवर नजर खिळवून, जागचे न हलता दुर्बीण लावण्याची सवय असेल, तर त्याची बाकदार पंखटोके हाती लागतात.

मार्च-एप्रिलमध्ये ओढे आटत असताना ओल्या वाळूवर जमणारे टेल्ड जे, कॉमन जे आणि कॉमन ब्लूबॉटल हे या दुर्बिणीचे सर्वांत सुखाचे विषय आहेत. चिखलपान करणारे हे बहुतेक नर असतात, आणि क्षार, विशेषतः सोडियम, मिळवणे हा त्यामागील हेतू असतो. जवळून पाहिले तर त्यांची सोंड वाळूत रुतलेली दिसते आणि अधूनमधून पोटाच्या टोकातून पाण्याचे थेंब बाहेर पडताना दिसतात: क्षार आत ठेवून पाणी टाकून देण्याचे काम अखंड चाललेले असते. जवळ जाताना वाकून, सावकाश आणि आपली सावली त्यांच्यावर पडणार नाही अशा बाजूने जावे. एकदा ती पिण्यात रमली की अर्धा मीटर हे अंतर मुळीच अशक्य राहत नाही.

ही दुर्बीण ८.५ × २१ या रूपातही मिळते आणि जास्त मोठे दिसेल म्हणून अनेकांचा ओढा तिच्याकडे असतो. माझे मत स्पष्टपणे ६.५ पट दुर्बिणीच्या बाजूने आहे. तिचे दृष्टिक्षेत्र ७.५ अंशांचे असल्याने अर्ध्या मीटरवर सुमारे साडेसहा सेंटीमीटर रुंदीचा भाग दिसतो, ८.५ पट दुर्बिणीत ६ अंशांमुळे तो सव्वापाचच्या आसपास येतो. सतत जागा बदलणारे फुलपाखरू शोधताना हा फरक फार जाणवतो. प्रतिमाही अधिक उजळ राहते, आणि हाताचा कंप कमी वाढवला जातो. मोठ्या फुलपाखरांसाठी मात्र दोन्हींतही थोडे मागे सरकावे लागते: आपले राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन पंख पसरून बसले तर अर्ध्या मीटरवरून पूर्ण मावतच नाही, ते सव्वा मीटरवरून नीट दिसते.

तिच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. वस्तुभिंगे अवघी २१ मिलिमीटरची असल्यामुळे दाट झाडीत आणि संध्याकाळी प्रतिमा अंधुक होते. बहाव्याच्या शेंड्याभोवती फिरणाऱ्या कॉमन एमिग्रंटसाठी किंवा आंब्याच्या उंच फांदीवर बसलेल्या बॅरनसाठी नेहमीची मोठी दुर्बीणच बरी. अगदी जवळ फोकसची खोली, म्हणजे एकाच वेळी स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा, कोणत्याही दुर्बिणीत फार कमी असते. म्हणून चाक फिरवत बसण्यापेक्षा एकदा फोकस अर्ध्या-पाऊण मीटरवर ठेवून स्वतःच किंचित पुढेमागे झुकावे, हे अधिक सोपे जाते. नेत्रभिंगापासून डोळ्याचे अंतर १५ मिलिमीटर राहू शकते, तेव्हा चष्मा वापरणाऱ्यांनी विकत घेण्यापूर्वी एकदा डोळ्याला लावून पाहणे योग्य.

जाळीने फुलपाखरू पकडून ओळखण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी मुलांना शिकवली जाते, याचे मला वाईट वाटते. पंखांवरील खवले बोटांना लागून निघतात आणि परत येत नाहीत. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या सूचींत अनेक फुलपाखरांचा समावेश आहे. तीनशे ग्रॅमपेक्षाही हलकी असलेली ही दुर्बीण शाळकरी मूल सहज गळ्यात बाळगू शकते, आणि शाळांच्या निसर्गमंडळांनी जाळ्यांऐवजी अशी एखादी दुर्बीण घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो. गटासाठी वापरायची असेल तर तिला तिपाईवर बसवण्याची सोय आहे. ओल्या वाळूसमोर तिपाई लावून ठेवली की सर्वांना आळीपाळीने पाहता येते.

ती जलरोधक नाही. वळवाच्या सरींच्या दिवसांत सोबत प्लास्टिकची पिशवी ठेवावी, आणि जूनपासून, विशेषतः कोकणात, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, नाहीतर भिंगांवर बुरशी धरते.