डोळ्यांखालच्या सुरकुत्या: कोणत्या उपायाला पैसे मोजावेत, कोणत्याला नाही

‘डोळ्यांखाली सुरकुत्या आल्यात’ या एका तक्रारीत खरं तर चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: बारीक रेघा, खळगा, चरबीची पिशवी आणि काळं वर्तुळ. चौघांचे उपाय वेगळे. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इथेच. म्हणून क्लिनिकची वेळ घेण्याआधी दिवसाउजेडी खिडकीपाशी आरसा घेऊन बसा. चेहरा सैल सोडा, मग मनमोकळं हसा. रेघा फक्त हसतानाच उमटत असतील तर ते स्नायूचं काम. न हसताही दिसत असतील तर कातडी पातळ आणि कोरडी झाली आहे. मान न हलवता वर बघितल्यावर फुगवटा ठळक झाला तर ती चरबीची पिशवी. आणि समोरून टॉर्च धरल्यावर काळेपणा बराचसा नाहीसा झाला तर तो रंग नाही, खळग्याची सावली आहे.

पातळ कातडीच्या रेघांसाठी पहिली पसंती रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) आणि सनस्क्रीन. स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर कातडीत खरोखर फरक पडतो म्हणून. 0.1 टक्क्यापासून सुरुवात करा. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी साधं मॉइश्चरायझर लावा आणि त्यावर मुगाच्या दाण्याएवढं रेटिनॉल, तेही दोन्ही डोळ्यांना मिळून. लावायचं डोळ्याखालच्या हाडाच्या कडेवर. पापणीच्या केसांपर्यंत नेऊ नका, झोपेत ते आपोआप वर सरकतं आणि डोळा चुरचुरतो. पहिला महिना आठवड्यातून दोनच रात्री. सालं निघाली, आग झाली तर चार-पाच दिवस थांबा, नंतर पुन्हा दोन रात्रींपासून. तीन महिन्यांच्या आत निकाल लावू नका. गरोदरपणात पूर्ण बंद. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या, घामाबरोबर डोळ्यात उतरलं तरी कमी झोंबतं. कॅफिनवाल्या आय क्रीमने सकाळची सूज थोडा वेळ उतरते, रेघ जात नाही. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी गोरेपणाची क्रीम इथे अजिबात नको: अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी आणखी पातळ होते, आणि डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू, मोतीबिंदूपर्यंत मजल जाऊ शकते.

हसताना पडणाऱ्या रेघांना बोटॉक्स, म्हणजे स्नायू तात्पुरता ढिला करणारं इंजेक्शन. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात याचं काम उत्तम. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये या जागेसाठी मान्यता दिली, ती एका बाजूला तीन टोचे, प्रत्येकी 4 युनिट, म्हणजे दोन्ही मिळून 24 युनिटची. पापणीच्या खाली मात्र गोष्ट वेगळी. तिथला वापर त्या मान्यतेत येत नाही, आणि मात्राही एका बाजूला जेमतेम 1 ते 2 युनिट. डोळ्याभोवतीचा हाच स्नायू खालची पापणी डोळ्याला चिकटवून धरतो. तो जास्त ढिला पडला की पापणी खाली ओघळते, डोळा कोरडा पडतो किंवा पाणी येतं, आणि आधीपासून पिशवी असेल तर ती आणखी फुगलेली दिसते. म्हणून टोचण्याआधी डॉक्टरांनी खालची पापणी चिमटीत धरून हलकेच ओढून सोडली पाहिजे. ती झटकन जागेवर बसली तर ठीक. डोळा मिटल्यावरच बसत असेल तर तिथे बोटॉक्स नको. ही तपासणी झाली नाही तर खुर्चीवरून उठा.

दर युनिटवर ठरतो, तेव्हा एकूण आकडा विचारू नका. किती युनिट आणि कुठल्या कंपनीचं, ते विचारा. बाटली समोर उघडून घ्या. 100 युनिटच्या बाटलीत 2.5 मिली सलाइन घातलं तर 0.1 मिलीमध्ये 4 युनिट येतात. याहून पातळ केलं असेल तर तेवढ्याच औषधात युनिट कमी भरतात. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटंही एकमेकांच्या बरोबरीची नसतात. असर तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो, तीन-चार महिने टिकतो. टोचल्याच्या दिवशी पार्लरमध्ये फेशियल करून घेऊ नका, चोळल्याने औषध सरकू शकतं.

न हसताही दिसणाऱ्या खोल रेघांना फ्रॅक्शनल, म्हणजे कातडीवर ठिपक्याठिपक्यांनी मारलं जाणारं लेझर. कार्बन डायऑक्साइड लेझर जास्त ताकदीचं, अर्बियम त्यामानाने सौम्य. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत खरा धोका सुरकुती राहण्याचा नसून डाग पडण्याचा आहे. उष्णता जास्त झाली की रेघेच्या जागी तपकिरी पट्टा उमटतो आणि तो महिनोन्‌महिने हटत नाही. म्हणून कमी ऊर्जा, विरळ ठिपके आणि दोन-तीन बैठका हेच बरं. आधी कानामागे छोटी चाचणी करून घ्या. डोळ्यात भूल देणारे थेंब टाकून पापणीच्या आत धातूचं कवच बसवलं पाहिजे. वरून नुसता चष्मा लावून पापणीवर लेझर मारत असतील तर तिथे मुळीच करू नका. खपली पाच-सात दिवस, लाली त्याहून जास्त. वांग असेल, किंवा एप्रिल-मेच्या उन्हात रोज फिरावं लागत असेल, तर पावसाळ्यापर्यंत थांबा.

फिलर हा सुरकुत्यांचा उपाय नाही, खळग्याचा आहे. हायलुरोनिक आम्लाचं जेल हाडालगत खोल, एका बाजूला साधारण अर्धा मिलीपर्यंत घालतात. वरच्या थरात पडलं तर कातडीखाली निळसर फुगवटा दिसतो. तो हायलुरोनिडेज टोचून विरघळवता येतो. पण रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये तयार आहे का, हे आधीच विचारा. टोचताना किंवा नंतर कातडी पांढरी पडली, कळ आली किंवा अंधुक दिसलं तर सकाळपर्यंत वाट न बघता त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

पीआरपीबद्दल (आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग काढून टोचणं) जेवढं बोललं जातं तेवढा भक्कम पुरावा नाही. आमची शिफारस नाही. पिशवी असेल तर क्रीम, सुई, लेझर सगळं बाजूला ठेवा: त्याला शस्त्रक्रियाच. पापणीच्या आतून छेद घेतला तर बाहेर व्रण दिसत नाही, काळंनिळं उतरायला दोन आठवडे धरा.

घरात लग्न असेल तर तारखेपासून उलटं मोजा: बोटॉक्स किमान महिनाभर आधी, म्हणजे दोन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवून उरलंसुरलं दुरुस्त करायला वेळ राहतो, लेझर तीन महिने आधी, आणि रेटिनॉल आज रात्रीपासून.